पेटी बंद, मोजणी उघडी



मागच्या महिन्यात बर्डीवर भाजी घेताना नेहमीच्या मावशींनी आम्हाला थांबवलं. पालकाची जुडी पिशवीत टाकता टाकता म्हणाल्या, “बाई, मत कोनाले देलं हे कोनालेच समजत नाही म्हनता ना तुमी? मंग आमच्या वस्तीतला पुढारी कसा काय म्हनते, का तुमच्या बूथवरून आमाले इतलेच मतं भेटले, आता पान्याचा टँकर त्यायलेच मागा?”

तिथं उभ्या उभ्या आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन जुने कागद चाळले. आमच्यातल्या दोघी शिक्षिका आहेत, त्या मतमोजणीच्या ड्यूटीवर जाऊन आल्या आहेत, त्यांना विचारलं. आजचं बोलणं त्या पालकाच्या जुडीतून निघालेलं आहे.

मोजणीकडून आपण दोन गोष्टी मागतो. मत कुणी कुणाला दिलं हे कुणालाही दिसू नये, आणि ते मोजलं जाताना मात्र सगळ्यांना दिसावं. एक झाकायचं, एक उघडं ठेवायचं. ही दोन्ही टोकं एकदम सांभाळताना सत्तर वर्षांत किती तऱ्हा झाल्या, ते सांगतो.

१९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. आपलं नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. त्या निवडणुकीत नागपूरनं लोकसभेवर एक बाई पाठवली, अनसूयाबाई काळे. १९३७ च्या प्रांतिक विधानसभेत त्या उपसभापती होत्या, आष्टी-चिमूरच्या फाशीच्या कैद्यांसाठी त्यांनी केलेली धडपड विदर्भात आजही सांगितली जाते. इकडे बाई निवडून येत होती आणि तिकडे, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत, सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदार यादीतून गळली होती. कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, “अमक्याची बायको”, “तमक्याची आई” एवढंच लिहवलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असली नावं चालणार नाहीत असं ठरवलं. तेव्हा ते कठोर वाटलं असेल, आम्हाला तर त्यांचं बरोबर वाटतं. जिला नाव नाही तिचं मत मोजणार कसं?

त्या वेळी मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव नव्हतं, चिन्हही नव्हतं. एक रुपयाच्या नोटेएवढा कागद, नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेला. प्रत्येक उमेदवाराची लोखंडी पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. पडद्याआड जायचं आणि आपल्या पसंतीच्या पेटीत कागद टाकायचा. या पेट्यांपैकी बारा लाखांहून जास्त पेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या होत्या. मोजणी सोपी होती, पेटी फोडा आणि कागद मोजा. पेट्यांतून कागदांबरोबर नाणी आणि चिठ्ठ्याही निघाल्या. लोकांनी पेटीला देवाची दानपेटीच समजलं म्हणायचं!

पण या सोपेपणात खोट होती. कागदावर खूण नाही, म्हणजे एका पेटीतला कागद दुसरीत गेला तर ओळखणार कसा? शिवाय मतदारानं कागद पेटीत न टाकता पदराआड धरून बाहेर आणला आणि दलालाला विकला, तर दलालाचा माणूस आत जाऊन पाच-दहा कागद एकदम टाकू शकत होता. मोजणाऱ्याच्या हाती कोरे कागद. ते काही बोलत नाहीत.

त्याच निवडणुकीत मुंबई शहर उत्तर मतदारसंघात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं, पण ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यायची. दोन्ही एकाच पेटीत टाकली तर एक बाद. निकाल लागला तेव्हा नारायण काजरोळकरांना १,३८,१३७ मतं होती आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. फरक १४,५६१. आणि बाद मतपत्रिका? ७४ हजारांहून जास्त. फरकाच्या पाचपट मतं बाद झाली होती. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. दोन्ही मतं एकालाच टाका, असा प्रचार करून मतं मुद्दाम वाया घालवली गेली, असं त्यांचं म्हणणं होतं. कॉम्रेड डांगे आणि इतर काही जण प्रतिवादी होते. अर्ज फेटाळला गेला.

दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, आपल्या शेजारच्या भंडाऱ्यात पोटनिवडणूक झाली. तोही दोन जागांचाच मतदारसंघ. बाबासाहेब राखीव जागेवर उभे राहिले आणि भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी हरले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. तेव्हाची एक आठवण सांगतात. कार्यकर्त्यांचा हिशेब असा होता की आपल्या लोकांनी दुसरं मत कुणालाच न देता वाया घालवलं तर बाबासाहेबांची जागा निघेल. बाबासाहेबांनी नाही म्हटलं. मत वाया घालवायला सांगणं त्यांना पटणारं नव्हतं. त्यानंतर अडीच वर्षांनी, ऑक्टोबर १९५६ मध्ये, धम्मदीक्षेसाठी ते नागपूरला आले तेव्हा आपल्या सीताबर्डीतच, श्याम हॉटेलमध्ये उतरले होते. बर्डीवरून जाताना आम्हाला दीक्षेची आठवण येतेच, पण हल्ली त्या ७४ हजार कागदांचीही येते. मोजलेली मतं सगळे विचारतात. न मोजलेली किती आणि का, हे कोण विचारतं?

दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानं गेले. पण एका मतदाराला अनेक मतं ही भानगड आपल्या घराजवळ अजून आहे. महापालिकेच्या प्रभागात आपण चार-चार मतं देतो. एकच बटण दाबून बाहेर निघणाऱ्या किती जणींना मतदान केंद्रावरच्या बाईंनी परत बोलावलेलं आम्ही पाहिलंय!

१९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पेट्यांची रांग गेली. एकच पेटी, एकच लांब मतपत्रिका, तिच्यावर सगळी नावं आणि चिन्हं, आणि शिक्का आपण मारायचा. तो बाणांच्या फुलीचा शिक्का आठवतो का? त्याची टोकं मुद्दाम एका दिशेला वळवलेली असत. ओली शाई घडीमुळे दुसऱ्या नावावर उमटली, तर उलटी उमटलेली खूण ओळखू यावी म्हणून. असली हुशारी आम्हाला फार आवडते, स्वयंपाकघरातल्या जुगाडासारखी.

मोजणी मात्र लांबली. दोन-दोन दिवस गठ्ठे बांधायचे, सोडायचे. शिक्का दोन नावांच्या मधल्या रेघेवर पडला की वाद. शिक्क्याऐवजी अंगठा उठवला की मतपत्रिका बाद. संशयास्पद कागद वेगळे काढायचे आणि निर्णय निवडणूक अधिकाऱ्यानं द्यायचा, उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवून.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. बूथवार मोजलं तर कोणत्या वस्तीनं कुणाला मत दिलं ते कळतं. एकटीचं मत गुप्त राहतं, वस्तीचं राहत नाही. म्हणून मतपत्रिका मिसळून मोजायची पद्धत आली. आधी प्रत्येक पेटीतले कागद नुसते मोजायचे, कुणाला मत आहे ते न बघता, आणि केंद्राध्यक्षाच्या हिशेबाशी ताळा करायचा. मग अनेक पेट्यांचे कागद एकत्र कालवायचे आणि त्यांचे गठ्ठे टेबलांवर वाटायचे. हिशेब उघडा राहिला, वस्ती झाकली गेली. आमच्या मते दोन्ही टोकं सगळ्यात नीट सांभाळली गेली ती याच पद्धतीत.

तरी संशय सुटला नाही. १९७१ मध्ये दक्षिण दिल्लीत हरलेले बलराज मधोक यांनी आरोप केला की मतपत्रिकांवर रासायनिक क्रिया केली आहे, मतदाराची खूण उडते आणि आधीच मारून ठेवलेली खूण वर येते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आरोप सिद्ध झाला नाही. “कागद असता तर शंका नसती” असं आज म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कागदावरही शंका घेतली गेलीच होती.

मग मशीन आलं. १९८२ मध्ये केरळच्या परूरला पहिला प्रयोग झाला. कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये तो रद्द केला. नंतर कायदा बदलला आणि २००४ च्या लोकसभेला सगळ्या देशात मशीनं लागली. बाद मतं जवळपास संपली, मोजणी काही तासांवर आली. पण प्रत्येक मशीन एका बूथचं, त्याचा निकालही बूथचाच. कालवणं संपलं. मावशी, तुमच्या पुढाऱ्याला आकडा मिळाला तो असा. त्यात त्यानं काही चोरलेलं नाही. हजार-बाराशे मतदारांच्या बूथचा आकडा कागदावर जाहीरच असतो. त्याच्या जोरावर पाण्याचा टँकर अडवणं, हा त्याचा गुन्हा.

यावर उपाय सुचवला गेला होता. ‘टोटलायझर’ नावाचं यंत्र अनेक मशीनं जोडून एकत्रित बेरीज देतं. निवडणूक आयोगानं २००८ मध्ये त्याचा प्रस्ताव ठेवला, विधी आयोगानं २०१५ च्या २५५ व्या अहवालात पाठिंबा दिला. केंद्र सरकारनं ते स्वीकारलं नाही. या उपायालाही किंमत आहे हे खरं. बेरीज एकदम आली तर बूथवरच्या प्रतिनिधीला आपल्या बूथचा आकडा ताडून पाहता येणार नाही. आमच्यातच यावर दोन मतं आहेत. बर्डीच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या म्हणतात, बूथचा आकडा दिसायलाच हवा. वस्तीतून येणाऱ्या म्हणतात, तुम्हाला टँकर लागत नाही ना!

पुढचा टप्पा म्हणजे मशीनजवळची ती चिठ्ठी, व्हीव्हीपॅट. काचेआड सात सेकंद दिसते आणि खाली पडते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती टप्प्याटप्प्यानं लावायला सांगितली. २०१९ मध्ये न्यायालयानंच ठरवून दिलं की प्रत्येक विधानसभा क्षेत्रात चिठ्ठी टाकून निवडलेल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या हातानं मोजायच्या. आकडा जुळला नाही तर चिठ्ठ्यांचा आकडा धरायचा. सगळ्याच चिठ्ठ्या मोजा ही मागणी एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली गेली. या चिठ्ठीनं आपल्या भागात त्रासही दिलाय. मे २०१८ च्या भंडारा-गोंदिया पोटनिवडणुकीत यंत्रं इतकी बिघडली की ४९ केंद्रांवर पुन्हा मतदान घ्यावं लागलं. महापालिका-नगरपालिकेच्या मशीनला तर ही चिठ्ठी नाहीच, त्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये नागपूर खंडपीठात याचिका झाली.

प्रत्यक्ष टेबलावर काय होतं? आमच्या दोघी कळमना मार्केटमध्ये लोकसभेच्या मोजणीला होत्या. कोणतं टेबल मिळणार ते त्याच दिवशी पहाटे कळतं, म्हणजे कुणी आधी गाठू नये. मोबाईल बाहेर. आधी टपाली मतं, मग मशीनं. जाळीपलीकडे उमेदवारांचे मोजणी प्रतिनिधी. मशीन आलं की सील आणि नंबर त्यांना दाखवायचा. मग एकूण मतांचा आकडा काढून फॉर्म १७-सीशी जुळवायचा. हा फॉर्म मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष भरतो आणि त्याची प्रत तिथल्या प्रतिनिधीला देतो. तो जुळला की निकालाचं बटण दाबायचं, आकडे लिहायचे, सह्या घ्यायच्या. “पोळ्या मोजून डब्यात भरल्या, आणि डबा उघडताना परत मोजल्या, एवढंच,” असं आमची एक जण म्हणाली. मात्र पहिल्या मोजणीची चिठ्ठी ज्याच्याजवळ नाही, तो दुसऱ्या वेळी काय ताडणार? बरेच प्रतिनिधी १७-सी न घेताच घरी जातात, असं त्यांनी पाहिलं.

एकेक आकडा किती जड असतो ते २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिमला दिसलं. रवींद्र वायकर ४,५२,६४४, अमोल कीर्तिकर ४,५२,५९६. फरक ४८ मतांचा. बाद ठरलेल्या १११ टपाली मतांची पुन्हा तपासणी झाली. कीर्तिकरांची याचिका पुढे उच्च न्यायालयानं फेटाळली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारनं नियम ९३ बदलला आणि सीसीटीव्ही चित्रणासारखी सामग्री सामान्य माणसाला मागून बघण्याची वाट बंद केली. मतदाराची गुप्तता हे एक कारण दिलं गेलं. आम्हाला ते पूर्ण पटलेलं नाही. मतदानाच्या खोलीतलं चित्रण झाकणं समजू शकतं. मोजणीच्या हॉलमधलं कशासाठी?

आणि गेल्या डिसेंबरची गोष्ट तर आपल्या सिव्हिल लाइन्सची. २ डिसेंबर २०२५ ला नगरपालिका-नगरपंचायतींचं मतदान होतं, दुसऱ्या दिवशी मोजणी. काही ठिकाणचं मतदान मात्र २० तारखेवर ढकललेलं. एकीकडचे निकाल आधी लागले तर दुसरीकडच्या मतदारावर परिणाम होईल, म्हणून नागपूर खंडपीठानं सगळीच मोजणी २१ डिसेंबरला ठेवली. न्याय बरोबर, पण मशीनं १९ दिवस कुलपात. कार्यकर्ते गोदामांबाहेर पहाऱ्याला बसले. मोजणी उशिरा झाली की संशयाला वेळ मिळतो, लवकर झाली की दुसऱ्याचा निकाल बिघडतो.

हे सगळं आम्ही मावशींना परवा थोडक्यात सांगितलं. त्यांना रस एकाच गोष्टीत होता. जाळीपाशी बसायला काय लागतं? आम्ही म्हटलं, उमेदवारानं फॉर्म १८ वर नाव द्यावं लागतं, वय अठराच्या वर हवं, आणि दिवसभर बसायची तयारी. बाई चालते का? चालते. त्यांनी वजनाचं पारडं सारखं केलं, पुढच्या गिऱ्हाइकाला अर्धा किलो वांगी तोलून दिली आणि आमच्याकडे न बघता म्हणाल्या, “फॉर्म कुठं भेटते थे सांगा मंग.”