लोकसेवेतील सचोटीची परीक्षा आणि क्रॉफर्ड प्रकरण

लोकसेवेसाठी निवडावयाच्या उमेदवाराचे ज्ञान लेखी परीक्षेने अजमावता येते. त्याची सचोटी कशी अजमावावी, हा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ पासून नीतिशास्त्र व सचोटी या विषयासाठी २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका ठेवली आहे, आणि त्याशिवाय २७५ गुणांची मुलाखत असते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा परीक्षेसाठी बहुतांशी हाच आराखडा स्वीकारला. त्यामुळे नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुव्यासारख्या सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या तालुक्यातून येणाऱ्या उमेदवारासही एका ठरावीक प्रश्नाची तयारी करावी लागते : वरिष्ठाने पैशाची मागणी केली, तर आपण काय कराल? ‘नकार देईन’ हे पाठ केलेले उत्तर सोपे आहे. ते किती अपुरे आहे, हे मुंबई इलाख्याच्या इतिहासातील एका प्रकरणावरून ध्यानात येते.

१८५३ च्या सनदी कायद्याने वशिल्याच्या नेमणुकांऐवजी स्पर्धा परीक्षेचे तत्त्व स्वीकारले गेले आणि १८५५ मध्ये लंडनमध्ये पहिली परीक्षा झाली. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील समितीचा भर उदार व उच्च शिक्षणावर होता. विद्येत जो अग्रेसर, तो चारित्र्यातही सहसा उणा ठरणार नाही, अशी त्यामागील श्रद्धा होती. ही श्रद्धा सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु उच्च पदावरील एक अधिकारी आणि त्याच्या हाताखालील विद्याविभूषित मामलेदार यांच्या संबंधात तिची मर्यादा उघड झाली.

आर्थर क्रॉफर्ड हे १८६५ मध्ये मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. शहरातील प्रसिद्ध मंडईला त्यांचेच नाव मिळाले. पुढे ते महसुली विभागाचे आयुक्त झाले. ज्या मध्य विभागाचे ते आयुक्त होते, त्यात तेव्हाचा खानदेश, म्हणजे आजच्या अक्कलकुव्याचा प्रदेशही, समाविष्ट होता. मामलेदारांच्या बढत्या व बदल्या यांसाठी त्यांच्या नावाने पैसे घेतले जातात, असा आरोप १८८८ मध्ये पुढे आला. त्यांचा मध्यस्थ हणमंतराव जहागीरदार यास शिक्षा झाली. क्रॉफर्ड यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने लाचलुचपतीचा आरोप सिद्ध झाला नाही असे ठरविले. तथापि आपल्या अधिकारक्षेत्रातील लोकांकडून कर्ज घेतल्याबद्दल त्यांना दोषी धरले, आणि त्यांना नोकरीतून दूर करण्यात आले.

अधिक गुंतागुंतीचा प्रश्न साक्षीदार मामलेदारांचा होता. पैसे दिल्याची कबुली देणाऱ्यांना मुंबई सरकारने अभय दिले होते. ते दिले नसते, तर साक्ष मिळणेच कठीण होते. परंतु लाच देऊन पद मिळविणाऱ्यांनी न्यायदान व महसूल यांचे काम करावे काय, असा आक्षेप विलायतेत घेतला गेला. अखेरीस भेद करण्यात आला : ज्यांच्याकडून जुलमाने पैसे उकळले गेले, ते राहावेत, ज्यांनी लाभासाठी स्वखुशीने दिले, ते जावेत. १८८९ मध्ये साक्षीदारांच्या संरक्षणासाठी कायदाही झाला. मामलेदारांना दिलेले वचन सरकारने पाळावे, यासाठी बाळ गंगाधर टिळकांनी पुण्यात आवाज उठविला.

या प्रकरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, नकार देणाऱ्यास आडवळणाच्या ठिकाणी बदली सोसावी लागते, आणि मागणी पुरविणारा दोषी ठरतो. तेव्हा सचोटी ही केवळ व्यक्तीच्या मनोधैर्याची बाब राहत नाही, तक्रारीला वाट आणि तक्रारदाराला आश्रय देणाऱ्या व्यवस्थेचीही ती कसोटी असते. दुसरी अशी की, निवड करणारा अधिकारच विक्रीस निघू शकतो. स्वतंत्र भारतातही या धोक्याची दखल घेतली गेली. संथानम समितीच्या शिफारशीनुसार १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला. पुढे १९८५ मध्ये अशोक कुमार यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातील निवडीचा विचार करताना मुलाखतीचे गुण सर्वसाधारण उमेदवारांसाठी एकूण गुणांच्या १२.२ टक्क्यांपेक्षा अधिक नसावेत असे म्हटले. कारण मुलाखतीला भरमसाट गुण असल्यास पक्षपातास वाव मिळतो.

अक्कलकुव्याच्या संदर्भात या धड्याला विशेष अर्थ आहे. हा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. पूर्वी येथे मेवासी जमीनदाऱ्या होत्या, आणि त्या कायद्याने संपुष्टात आल्या. याच तालुक्यातील नर्मदाकाठचे मणिबेली सरदार सरोवराच्या बुडितात गेले. जमिनीचा उतारा, बुडिताची यादी, २००६ च्या कायद्याखालील वनहक्काचा दावा यांवर कुटुंबाचे भवितव्य अवलंबून असते, आणि त्या नोंदी कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या हातून होतात. येथे मागितलेली क्षुल्लक रक्कमही मोठ्या शहरातील लाचेहून अधिक घातक ठरू शकते, कारण जिच्याकडून ती मागितली जाते त्या व्यक्तीस अन्य आधार नसतो.

म्हणून सचोटीवरील मुलाखतीची तयारी म्हणजे सुभाषितांचे पाठांतर नव्हे. कर्तव्य, भय, निष्ठा आणि लोकहित यांचा संघर्ष प्रत्यक्षात कसा झाला, कोणी किंमत मोजली आणि शासनाने कोणाला वाऱ्यावर सोडले, याचा अभ्यास हीच खरी तयारी होय. मुलाखत मंडळाला उमेदवाराचे अंतःकरण दिसत नाही. संघर्ष ओळखण्याची त्याची दृष्टी मात्र पारखता येते. उरलेली परीक्षा नेमणुकीनंतर, तालुक्याच्या कचेरीत होते.