घाटातली ब्रेव्हे: 200 किलोमीटर, साडेतेरा तास

ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे, इथं पहिला-दुसरा नंबर नसतो. 200 किमीला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40 तास. चारही अंतरं एकाच हंगामात झाली की ‘सुपर रॅन्दोनर’. ठरलेल्या ठिकाणी कार्डावर वेळेत शिक्का हवा. पंक्चर स्वतःच काढायचं, मदतीची गाडी मागं नसते.

वाईहून पसरणी घाट चढताना दम निघतो, पण खाली धोमचं पाणी दिसतं. खरा धोका उताराला. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूरकडं उतरताना ब्रेक सतत दाबून धरला तर रिम तापते, ट्यूब फुटू शकते. थोडा दाबावा, सोडावा. झिजलेल्या ब्रेकरबरावर घाटात उतरूच नये, मग वेळ गेला तरी चालेल.