विरामानंतरचे वाक्य : ‘मिशन ऑफ बर्मा’ या वाद्यवृंदाचे पुनरागमन

एखादी कृती दीर्घ काळ खंडित होऊन पुन्हा सुरू झाली, तर ती पूर्वीचीच मानावयाची की नवी, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास वारंवार पडतो. नियतकालिके, नाटक मंडळ्या, विद्यापीठे या सर्वांच्या बाबतीत तो उद्भवतो. अर्वाचीन लोकप्रिय संगीतात मुद्रित साधने विपुल असल्यामुळे त्याची छाननी अधिक काटेकोरपणे करता येते. म्हणून अमेरिकेतील बॉस्टन येथील ‘मिशन ऑफ बर्मा’ या वाद्यवृंदाचे उदाहरण प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतले आहे.

इ. स. १९७७ च्या सुमारास ‘पंक’ नावाची जी आक्रमक व साधीसुधी संगीतपद्धती गाजू लागली, तिचा आवेश कायम ठेवून रचनेचे नवे प्रयोग करणाऱ्या संगीतास ‘पोस्ट-पंक’ अशी संज्ञा आहे. मिशन ऑफ बर्मा हा वृंद १९७९ मध्ये याच प्रवाहात जन्मास आला. रॉजर मिलर गिटार, क्लिंट कॉन्ली बास गिटार व पीटर प्रेस्कॉट ड्रम वाजवीत. चौथे सभासद मार्टिन स्वोप हे रंगमंचावर नसतच. ध्वनिनियंत्रणाच्या मेजाशी बसून ते चालू वादनाचे तुकडे फितीवर घेत आणि त्यांत फेरफार करून ते पुन्हा वादनात सोडीत. त्यामुळे ज्याचा वादक दिसत नाही असा नाद श्रोत्यास ऐकू येई.

वृंदाचे नाव भाषाभ्यासकाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. न्यूयॉर्कमधील एका राजनैतिक कचेरीवरील फलकावर कॉन्ली यांनी ते वाचले आणि उचलले. ब्रह्मदेश म्हटला की मराठी वाचकास मंडालेचा तुरुंग व लोकमान्य टिळक आठवणे स्वाभाविक आहे. परंतु वृंदाच्या नावामागे असा कोणताही ऐतिहासिक संदर्भ नव्हता. पुढे १९८९ मध्ये तेथील लष्करी शासनाने देशाचे इंग्रजी नाव ‘म्यानमार’ असे केले. वस्तुतः ‘बमा’ व ‘म्यन्मा’ ही त्या भाषेत एकाच नावाची अनुक्रमे बोलीतील व ग्रांथिक रूपे होत. वृंद मौनात असतानाच त्याच्या नावातील देशाचे अधिकृत नाव बदलले; पुनरागमनाच्या वेळी मात्र वृंदाने आपले नाव बदलले नाही.

पहिल्या कालखंडातील निर्मिती अल्प आहे. १९८१ ची ‘सिग्नल्स, कॉल्स अँड मार्चेस’ ही लघु ध्वनिमुद्रिका आणि १९८२ ची ‘व्हर्सस’ ही पूर्ण ध्वनिमुद्रिका, या तिच्यातील प्रमुख कृती होत. १९८३ मध्ये वृंद विसर्जित झाला. त्याचे कारण कलह नव्हे, की द्रव्याचा अभावही नव्हे. मिलर यांना कर्णनादाची व्याधी जडली होती. बाहेर ध्वनी नसताना कानात अखंड नाद ऐकू येणे, हे तिचे लक्षण. प्रचंड आवाजाने आंतरकर्णातील सूक्ष्म केशपेशी एकदा नष्ट झाल्या, की मनुष्यात त्या पुन्हा उत्पन्न होत नाहीत. ज्या नादाने वृंदास त्याचे वैशिष्ट्य दिले, त्याच नादाने त्याचा अंत घडवून आणला.

यानंतर १९ वर्षे वृंद अस्तित्वात नव्हता; तथापि त्याचे नाव विस्मृतीत गेले नाही. आर. ई. एम. व मोबी यांनी त्याची गीते आपल्या पद्धतीने गायिली. मायकेल अझेराड यांनी २००१ च्या ‘अवर बँड कुड बी युवर लाइफ’ या ग्रंथात त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. अशा रीतीने वृंद हयात सभासदांसह ‘पूर्वज’ ठरला. हा मान सुखावह असला तरी धोक्याचा असतो. कारण पूर्वजाकडून नव्या कृतीची अपेक्षा कोणी करीत नाही.

२००२ मध्ये मिलर, कॉन्ली व प्रेस्कॉट पुन्हा एकत्र आले. स्वोप आले नाहीत. त्यांचे फितीचे काम बॉब वेस्टन यांनी स्वीकारले. २००४ मध्ये, म्हणजे ‘व्हर्सस’नंतर २२ वर्षांनी, ‘ऑनऑफऑन’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तीत पहिल्या काळातील काही रचना आणि पुष्कळशा नव्या रचना शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. रोमन लिपीत या शीर्षकाचे पहिले व तिसरे पद मोठ्या अक्षरांत व मधले लहान अक्षरांत छापले आहे. देवनागरीत हा भेद दाखविता येत नाही. परंतु त्याचा अर्थ स्पष्ट आहे. बंद असण्याचा काळही शीर्षकाचाच एक घटक मानला आहे.

एक सभासद बदलला, मग वृंद तोच कसा? येथे सोस्यूर यांचे प्रसिद्ध उदाहरण उपयोगी पडते. जिनीव्हाहून पॅरिसला रोज ठरलेल्या वेळी सुटणाऱ्या गाडीचे इंजिन, डबे व नोकर बदलले, तरी आपण तिला तीच गाडी म्हणतो. कारण तिची ओळख द्रव्यात नसून व्यवस्थेतील तिच्या स्थानात असते. वेस्टन यांच्या येण्याने फितीचे स्थान भरले गेले आणि वृंदाची व्यवस्था अबाधित राहिली.

मात्र या उपपत्तीस एक मर्यादा आहे. मिलर यांचे कान हे बदलता येण्याजोगे डबे नव्हेत. कानांवर संरक्षक आवरण चढवून व ड्रमभोवती पारदर्शक आडोसा उभारूनच त्यांना पुन्हा वादन करता आले. व्यवस्था कितीही अमूर्त मानली, तरी ती कोणा देहधाऱ्याच्या आधारानेच चालते. आणि इतिहासाने त्या देहाचा हिशेब वगळता कामा नये.

अशी पुनरागमने केवळ गतकाळाच्या ओढीने किंवा अर्थलोभाने होतात, असा एक समज आहे. प्रस्तुत उदाहरण त्यास पुष्टी देत नाही. २००४ नंतर २००६, २००९ व २०१२ मध्येही वृंदाच्या नव्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. पहिल्या काळात एकच पूर्ण ध्वनिमुद्रिका झाली होती. दुसऱ्या काळात चार झाल्या. यास स्मरणोत्सव म्हणणे युक्त नव्हे. भाषेत दीर्घ विरामानंतर आलेल्या पदाचा अन्वय मागील पदांशी लागला, तर वाक्य एकच मानले जाते. ‘ऑनऑफऑन’चा अन्वय तसा लागतो. त्यातील विराम कलावंतांनी आपल्या इच्छेने घेतलेला नव्हता; तरीही वाक्य त्यांनीच पुढे नेले, हेच या कृतीचे ऐतिहासिक महत्त्व होय.