संध्याकाळची शाळा : बहिष्कृत हितकारिणी सभेपासून विहारातल्या अभ्यासिकेपर्यंत

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त ही स्मरणिका निघते आहे, याचा सर्व उपासक-उपासिकांना आनंद आहे. स्मरणिकेत बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना, देणगीदारांची नावे, वर्षावासातली प्रवचने, भीमजयंतीची मिरवणूक यांवर लिहिले जाते, आणि ते लिहिलेच पाहिजे. आम्ही मात्र विहाराच्या एका कोपऱ्याबद्दल लिहायचे ठरवले. संध्याकाळी साडेसहाला तिथे चटया पसरतात, ट्यूबलाइट लागते आणि वस्तीतली पोरं दप्तर घेऊन बसतात. त्याला आम्ही अभ्यासिका म्हणतो. कुणी म्हणेल, यात इतिहास तो काय? पण शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंतच्या ज्या चार-पाच तासांत गरिबाचे पोर घडते किंवा बिघडते, त्या तासांची काळजी आपल्या चळवळीने शंभर वर्षांपूर्वीपासून वाहिली आहे. हा इतिहास माहीत नसला की अभ्यासिका म्हणजे दोन-चार कार्यकर्त्यांची हौस वाटते. माहीत झाला म्हणजे कळते, की आपल्या वाडवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन ही गोष्ट आपल्या हाती सोपवलेली आहे.

बागेतला विद्यार्थी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परळच्या चाळीत सुभेदार रामजी सकपाळ एका खोलीत कुटुंबासह राहत होते. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत झोपणे. रामजींनी काय केले? भीमरावाला लवकर झोपवायचे, स्वतः जागायचे आणि रात्री दोन वाजता, सगळे शांत झाल्यावर, त्याला अभ्यासाला उठवायचे. बापाने वेळ अशी चोरून आणली. जागा मात्र कुठून आणणार? म्हणून एल्फिन्स्टन हायस्कूल सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्याच्यावर पडली. रोज वाचत बसणारा हा मुलगा कोण, अशी त्यांनी चौकशी केली, त्याला पुस्तके दिली. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे तेच त्यांना सयाजीराव महाराज गायकवाडांकडे घेऊन गेले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

यात शाळेचा भाग किती आणि शाळेबाहेरचा किती, हे वाचकांनी आपल्या मनाशी ताडून पाहावे. जागा बागेतली होती, वेळ बापाने दिली होती, पुस्तक एका परक्या गुरुजींनी दिले होते. बुद्धाचे चरित्र बाबासाहेबांच्या हातात पहिल्यांदा पडले ते असे. अभ्यासाची जागा, मोकळी वेळ आणि आस्थेने चौकशी करणारे मोठे माणूस, या तीन गोष्टी वस्तीतल्या प्रत्येक पोराला मिळाव्यात एवढेच अभ्यासिकेचे काम आहे.

दिवसा काम, रात्री पाटी

याच्याही आधीचे सांगायचे तर महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीमाईंनी 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, आणि 1855 साली राहत्या घरी शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा सुरू केली. कष्टकऱ्याचा दिवस मालकाचा असतो, हे त्यांनी ओळखले होते. शिकायचे तर दिवस मावळल्यावरच.

राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडले आणि 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. शाळेत नाव घातले तरी राहायला, जेवायला, अभ्यासाला जागा नसेल तर पोर टिकत नाही, हे महाराजांनी जाणले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापली. तिच्या वसतिगृहांसाठी घराघरातून मूठ-मूठ धान्य गोळा होई. मूठफंड म्हणत त्याला. ज्याच्या घरची कणगी अर्धी रिकामी, तोही मूठ टाकायचा. हा मूठफंड वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

सभेची तीन कामे

बाबासाहेब परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आल्यावर 9 मार्च 1924 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा झाली आणि 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, व्यवस्थापक मंडळाचे प्रमुख बाबासाहेब आणि चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर. सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहे होती, वाचनालये होती, अभ्यासवर्ग आणि सामाजिक केंद्रेही होती. सत्याग्रहाच्या आधी बाबासाहेबांनी हात घातला तो पोरांच्या अभ्यासाला. महाडचा सत्याग्रह 1927 सालचा, आणि सोलापूरचे वसतिगृह 4 जानेवारी 1925 रोजीच सुरू झाले होते.

त्या वसतिगृहातले विद्यार्थी नुसते जेवून-झोपून राहिले नाहीत. त्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवले आणि मोफत वाचनालय उघडले. इकडे मुंबईत सभेने मोफत वाचनालय काढले आणि त्याबरोबर महार हॉकी क्लब काढला. हो, हॉकी! जुगार, दारू आणि नको त्या संगतीपासून तरुण पोरांना दूर ठेवावे, हा त्यामागचा हेतू होता.

आम्हाला या हॉकी क्लबाचे फार मोल वाटते. सभेकडे पैशाची रेलचेल नव्हती. तरीही तिने खेळाला अभ्यासाइतकेच महत्त्व दिले, कारण गिरणगावातल्या पोराचा दिवस सभेच्या पुढाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. पोर शाळेतून सुटते तेव्हा आई-बाप गिरणीत असतात, आणि त्याच वेळी कोपऱ्यावरचा अड्डा उघडा असतो. पोराला ‘तिकडे जाऊ नको’ असे नुसते सांगून भागत नाही, ‘इकडे ये’ म्हणायला जागा लागते. अभ्यास, वाचन आणि खेळ अशी ही तीन कामे सभेने जोडीने उचलली.

आठ तासांचा अर्थ

आम्ही कामगार माणसे, म्हणून एक गोष्ट इथे मुद्दाम लिहितो. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, घेत नसत. कांडी बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढावे लागे, आणि विटाळ मानणाऱ्यांना ते चालत नसे. पगार त्याच खात्यात जास्त. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. पुढे 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात आठ तासांच्या दिवसाची चर्चा पुढे गेली आणि 1946 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला.

आठ तासांचा अर्थ आपण बहुधा विश्रांती असा घेतो. पण कामगाराच्या घरात त्याचा आणखी एक अर्थ आहे : बापाला पोराची वही उघडून बघायला संध्याकाळ मिळाली. ती संध्याकाळ आपण कशात घालवतो, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

8 जुलै 1945 रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 20 जून 1946 रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून तिथले वर्ग सकाळी लवकर भरत. फुल्यांनी कष्टकऱ्यासाठी रात्र वापरली, बाबासाहेबांनी पहाट वापरली. तत्त्व एकच, की शाळेचे घड्याळ गरिबाच्या घड्याळाशी जुळले पाहिजे.

उल्हास नदीच्या काठी

आता आपल्या शहाडकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागी सिंधी निर्वासित आले आणि 1949 साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. शहाडला सेंच्युरी रेयॉन आणि पलीकडे मोहन्याला नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन हे मोठे कारखाने उभे राहिले. उल्हास नदीचे पाणी, मध्य रेल्वेची कसारा लाइन आणि हाताला काम, एवढ्यावर माणसे येत गेली. कुणी नाशिक-नगरकडून, कुणी जुन्नरकडून, तर 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून. कुणी कारखान्यात बदलीवर लागले, कुणी रेल्वेत, कुणी नाक्यावर. 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर आपल्या वस्त्यांतून पंचशीलाचे झेंडे लागले आणि पुढे पत्र्याचे का होईना पण विहार उभे राहिले.

आपल्या वस्तीत अभ्यासिका कशी चालते, हे नव्या पिढीसाठी लिहून ठेवतो. कारखान्यात तीन पाळ्या. सात ते तीनची पहिली पाळी करून आलेला माणूस संध्याकाळी मोकळा असतो, तो गणित बघतो. दुसरी पाळी असलेला आला नाही तर त्याचा वार दुसरा घेतो. बारावी झालेली पोरगी पाचवी-सहावीला इंग्रजी शिकवते. महिला मंडळाच्या ताई-मावश्या झाडलोट आणि पाण्याची कळशी बघतात, आणि नऊ वाजता मुलींना घरापर्यंत सोडायला एक जण उठतेच. जुनी पुस्तके वरच्या वर्गातून खालच्या वर्गात उतरतात. घरटी थोडी-थोडी वर्गणी निघते, तीतून खडू, वह्या आणि ट्यूबलाइट. मूठफंड तो हाच! धान्याची मूठ जाऊन नाण्यांची मूठ आली, एवढाच फरक.

अडचणीच्या काळात तिचे मोल कळले. मोहन्याची रेयॉन कंपनी 2009 साली बंद पडली. पगार थांबला की घरात पहिली कात्री लागते ती क्लासच्या फीला. 2020 साली करोनात शाळा बंद झाल्या आणि शिकवणी मोबाइलवर गेली. एका घरात एक मोबाइल, तोही बापाच्या खिशात, आणि पोरं तीन. अशा वेळी शाळेपासून तुटलेले पोर पुन्हा वहीकडे वळते ते शेजारपाजारच्या आधारानेच, हे आम्ही पाहिले आहे.

पँथरचे दुसरे रूप

1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आपल्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तिचे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले, हेही बहुतेकांना ठाऊक आहे. पण त्या ब्लॅक पँथरवाल्यांनी जानेवारी 1969 मध्ये ओकलंड शहरातल्या एका चर्चमध्ये शाळकरी पोरांना सकाळी मोफत न्याहारी द्यायला सुरुवात केली, हे फार थोड्यांना माहीत आहे. उपाशी पोराच्या डोक्यात धडा शिरत नाही, एवढा साधा विचार. हा उपक्रम पुढे अनेक शहरांत पसरला. श्रीलंकेत विहारांतून दर रविवारी मुलांच्या धम्मशाळा भरतात. सांगायचे कारण असे, की जिथे जिथे दबलेला समाज उभा राहिला, तिथे प्रार्थनेच्या जागेने पोरांसाठी दार उघडले आहे. आपला विहार काही जगावेगळे करत नाही.

आजचा प्रश्न

आता थोडे कडू लिहितो, कुणी मनाला लावून घेऊ नये. विहाराचा हॉल संध्याकाळी हळदी-साखरपुड्याला, बारशाला, वाढदिवसाला मागितला जातो. मागणारे आपलेच आहेत, त्यांना बाहेरचा हॉल परवडत नाही, आणि येणाऱ्या भाड्यातून विहाराचे लाइटबिल भरले जाते, हेही खरे आहे. पण त्या दिवशी पोरं दप्तर घेऊन येतात आणि स्पीकर ऐकून परत फिरतात. परत फिरलेले पोर दुसऱ्या दिवशी येईलच असे नाही. ज्याला पैसे देऊन क्लास आहे त्याचे काही अडत नाही. अडते ते एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या घरातल्या पोराचे. त्याच्यासाठी चर्नी रोडची बागही आता जवळ नाही.

म्हणून आमचे विहार समितीला आणि समाजबांधवांना नम्र मागणे आहे. सोमवार ते शुक्रवार साडेसहा ते नऊ ही वेळ पोरांची, असा ठराव करून तो फळ्यावर लिहावा. कार्ये शनिवारी रात्री आणि रविवारी दुपारनंतर व्हावीत. लाइटबिलाची जी तूट येईल ती घरटी वर्गणी थोडी वाढवून भरावी. ज्याला वर्गणी जमत नाही त्याने आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी, तीही मूठच आहे. हॉकी क्लबाची आठवण ठेवून रविवारी सकाळी वंदनेनंतर मुला-मुलींचा खेळ सुरू करावा. कबड्डी, खो-खो, बुद्धिबळ, काहीही. आणि जी पोरं इथून शिकून नोकरीला लागली, फ्लॅट घेऊन बदलापूर-टिटवाळ्याला गेली, त्यांनी वर्षातून एकदा जयंतीला येऊन हार घालून जाण्यापेक्षा महिन्यातून एकदा येऊन एक धडा शिकवून जावा. बाबासाहेबांना तो हार जास्त आवडेल, असे आम्हाला वाटते.

विहार ही वंदनेची जागा आहे, तशीच ती शिकण्याची जागा आहे. नालंदा हेही मुळात विहारच होते. आपली चटई नालंदेइतकी मोठी नाही, पण तिच्यावर बसणाऱ्या पोराला ‘आज काय वाचलंस रे बाळा?’ एवढे विचारणारे माणूस रोज हजर असले, तरी शंभर वर्षांपूर्वी सभेने हाती घेतलेले काम शहाडमध्ये चालू आहे असे म्हणता येईल.

भवतु सब्ब मंगलं. नमो बुद्धाय! जयभीम!