पुरस्कार हंगामाचे, कसोटी एका दिवसाची

पेण आणि रोहा तालुक्यांत भातकापणी आटोपली की कबड्डीच्या स्पर्धांना रंग चढतो. रात्री प्रकाशझोतात चालणाऱ्या या स्पर्धांच्या अखेरीस विजेत्या संघाच्या चषकाबरोबर उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड आणि सर्वोत्कृष्ट खेळाडू अशी वैयक्तिक बक्षिसेही दिली जातात. त्यांतले एखादे पराभूत संघाच्या चढाईपटूकडे गेले, की मैदानाबाहेर दोन तट पडतात. संघाला अंतिम फेरीपर्यंत आणले ते त्यानेच, असे एक तट म्हणतो. तर ऐन मोक्याच्या चढाईत पकड झाली तीही त्याचीच, याची आठवण दुसरा करून देतो. दोन्ही विधाने खरी असतात आणि म्हणूनच वाद मिटत नाही.

हा वाद रायगडापुरता किंवा कबड्डीपुरता नाही. जगातल्या बहुतेक सांघिक खेळांत तो आहे आणि ज्या खेळात एका खेळाडूच्या हातून चेंडू सुटल्यावाचून काहीच घडत नाही, तिथे तो सर्वांत तीव्र असतो. क्रिकेटमधला गोलंदाज आणि अमेरिकेच्या बेसबॉलमधला पिचर हे असे खेळाडू होत. वर्षभर बळी घेणारा, पुरस्कारांनी घर भरणारा गोलंदाज निर्णायक दिवशी निष्प्रभ ठरला, तर त्याचे मोठेपण कशावरून ठरवायचे?

पुरस्कार कशाचा, मत केव्हाचे?

या वादाची एक गाठ पुरस्कारांच्या नियमांतच आहे. अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये सर्वोत्कृष्ट पिचरला ‘साय यंग’ पुरस्कार दिला जातो. ५११ विजय नोंदवणारे पिचर साय यंग यांचे १९५५ साली निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने हा सन्मान सुरू झाला. लीगच्या दोन विभागांतील एकेका पिचरची निवड बेसबॉल वार्ताहरांच्या संघटनेचे सदस्य मतदानाने करतात. महत्त्वाची बाब अशी, की ही मते बाद फेरी सुरू होण्यापूर्वीच नोंदवली जातात. १६२ सामन्यांच्या नियमित हंगामाचा तो निकाल असतो. ऑक्टोबरमध्ये रंगणाऱ्या बाद फेरीतील यशापयशाचा त्यावर काडीचाही परिणाम होत नाही, मात्र पुरस्कार जाहीर होतो तो त्यानंतर, नोव्हेंबरमध्ये. साहजिकच हरलेल्या ऑक्टोबरची जखम ताजी असताना चाहत्यांच्या हाती वर्षाचा सर्वोच्च सन्मान येतो.

क्रिकेटच्या विश्वचषकात स्पर्धावीराचा मान अंतिम सामन्यानंतर दिला जातो. तरीही तो संपूर्ण स्पर्धेतील कामगिरीबद्दल असल्यामुळे पराभूत संघाकडे जाऊ शकतो. २००३ च्या विश्वचषकात ६७३ धावा करणाऱ्या सचिन तेंडुलकरने अंतिम सामन्यात अवघ्या ४ धावा केल्या आणि पराभवानंतर स्पर्धावीराचा करंडक स्वीकारला. २०२३ मध्ये विराट कोहलीच्या ७६५ धावा आणि महंमद शमीचे ७ सामन्यांतील २४ बळी हे दोन्ही त्या स्पर्धेतील सर्वोच्च आकडे होते, पण अहमदाबादच्या अंतिम सामन्यात विश्वचषक ऑस्ट्रेलियाने नेला.

कर्शॉचा ऑक्टोबर

या वादाचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण म्हणजे लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर क्लेटन कर्शॉ. २००८ ते २०२५ अशी संपूर्ण कारकीर्द त्याने एकाच संघाकडून केली. २०११, २०१३ आणि २०१४ असा तीनदा तो साय यंग पुरस्काराचा मानकरी ठरला. २०१४ च्या हंगामात त्याच्या नावावर २१ विजय आणि केवळ ३ पराभव होते. त्या वर्षी त्याला नॅशनल लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू हा पुरस्कारही मिळाला. त्या लीगमध्ये हा मान पिचरला मिळण्याची १९६८ मधील बॉब गिब्सननंतरची ती पहिलीच वेळ होती.

पिचरची योग्यता मोजण्याचे रूढ माप म्हणजे दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर जाणाऱ्या धावांची सरासरी. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा त्यात धरत नाहीत. नियमित हंगामात कर्शॉची ही सरासरी २.५३ राहिली. बाद फेरीत मात्र ती साडेचारच्या वर गेली. त्याच्या टीकाकारांचा सारा युक्तिवाद या दोन आकड्यांमधल्या अंतरावर उभा आहे.

आकड्यांमागे काही प्रसंग आहेत. २०१४ च्या बाद फेरीत सेंट लुईस कार्डिनल्सविरुद्ध सातव्या इनिंगच्या सुरुवातीला डॉजर्सकडे ६-२ अशी आघाडी होती. त्या एका इनिंगमध्ये प्रतिस्पर्ध्यांनी ८ धावा काढल्या आणि डॉजर्स ९-१० असे हरले. चारच दिवसांनी कर्शॉला पुन्हा उतरवण्यात आले. सहा इनिंग त्याने एकही धाव दिली नाही, सातव्या इनिंगमध्ये मॅट ॲडम्सच्या होमरनने तीन धावा गेल्या आणि सामना २-३ असा निसटला. २०१९ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सविरुद्ध निर्णायक सामन्यात तो मदतनीस पिचर म्हणून आला आणि आठव्या इनिंगमध्ये लागोपाठच्या दोन चेंडूंवर त्याला दोन होमरन बसले. डॉजर्सची आघाडी तिथेच संपली आणि पुढे सामनाही गेला.

त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्देही तितकेच ठोस आहेत. पिचरच्या खांद्यावर आणि कोपरावर पडणारा ताण इतका असतो, की दोन सामन्यांमध्ये त्याला साधारणपणे चार दिवसांची विश्रांती दिली जाते. २०१४ च्या त्या दुसऱ्या सामन्यात कर्शॉला ती तीनच दिवस मिळाली होती. दोन्ही सामन्यांत घात सातव्या इनिंगमध्ये झाला, म्हणजे थकलेल्या पिचरला मैदानावर ठेवायचे की बदलायचे, या निर्णयाची जबाबदारी व्यवस्थापकावरही येते. २०१७ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये ह्युस्टनच्या मैदानावर त्याने आघाडी गमावली खरी, पण त्या वर्षी ह्युस्टन ॲस्ट्रोज संघ कॅमेऱ्याच्या साहाय्याने प्रतिस्पर्ध्यांचे संकेत चोरत होता, हे २०२० मध्ये लीगच्या चौकशीत निष्पन्न झाले. त्याच वर्ल्ड सिरीजच्या सातव्या आणि शेवटच्या सामन्यात कर्शॉने चार इनिंग एकही धाव न देता टाकल्या होत्या. डॉजर्स तो सामना हरल्यामुळे ही कामगिरी फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही.

अखेर २०२० मध्ये टॅम्पा बे रेजविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजमध्ये कर्शॉने पहिला आणि पाचवा असे दोन सामने जिंकून दिले आणि डॉजर्सने विजेतेपद मिळवले. २०२४ मध्ये संघ पुन्हा विजेता झाला, तेव्हा दुखापतीमुळे तो बाद फेरीत खेळू शकला नव्हता. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये टोरांटो ब्लू जेजविरुद्ध १८ इनिंग चाललेल्या तिसऱ्या सामन्यात, बाराव्या इनिंगमध्ये तिन्ही बेस भरलेले असताना त्याला बोलावले गेले. त्याने एकाच फलंदाजाला चेंडू टाकले, त्याला बाद केले आणि धोका टळला. संघ विजेता ठरला आणि कर्शॉ निवृत्त झाला. एका फलंदाजापुरती ही कामगिरी सरासरीत जवळजवळ दिसत नाही, पण चाहत्यांच्या स्मरणात तिचे वजन मोठे आहे.

वाँडरर्स ते वानखेडे

मराठी वाचकाला हीच कहाणी झहीर खानच्या रूपाने अधिक जवळून ठाऊक आहे. श्रीरामपूरच्या या डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाने २००३ च्या विश्वचषकात १८ बळी घेतले. त्या स्पर्धेत त्याच्यापेक्षा अधिक बळी केवळ चमिंडा वास, ब्रेट ली आणि ग्लेन मॅकग्रा यांनाच मिळाले होते. २३ मार्च २००३ रोजी जोहान्सबर्गच्या वाँडरर्स मैदानावर सौरव गांगुलीने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण स्वीकारले आणि चेंडू झहीरच्या हाती दिला. त्याच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या. ७ षटके, ६७ धावा आणि एकही बळी नाही, असे त्याचे दिवसअखेरचे पृथक्करण होते. ऑस्ट्रेलियाने २ बाद ३५९ धावा केल्या आणि भारत १२५ धावांनी हरला.

त्या पहिल्या षटकाने सामना गेला, असे पुढे कित्येक वर्षे बोलले गेले. वास्तविक रिकी पाँटिंगच्या नाबाद १४० आणि डॅमियन मार्टिनच्या नाबाद ८८ धावांपुढे जवागल श्रीनाथच्या १० षटकांतही ८७ धावा निघाल्या होत्या. परंतु प्रारंभीचे दृश्य स्मरणात घट्ट बसते आणि उरलेला डाव धूसर होतो.

झहीरने या अपयशाला दिलेले उत्तर एका दिवसाचे नव्हते. दुखापती आणि हरवलेली लय यांमुळे मध्यंतरी त्याचे संघातील स्थान डळमळले. २००६ मध्ये इंग्लंडमध्ये वूस्टरशायर कौंटीकडून खेळताना त्याने ७८ बळी घेतले. त्याच रणजी हंगामात मुंबईकडून पदार्पण करताना बंगालविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने ९ गडी बाद केले आणि मुंबईला विजेतेपद मिळवून दिले. २००७ मध्ये ट्रेंट ब्रिज कसोटीत ९ बळी घेऊन त्याने भारताच्या इंग्लंडमधील मालिका विजयाचा पाया घातला आणि २००८ मध्ये विस्डेनने त्याची वर्षातील पाच क्रिकेटपटूंमध्ये निवड केली.

२०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले आणि शाहिद आफ्रिदीसह तो स्पर्धेत अव्वल ठरला. या स्पर्धेत त्याने वापरलेला नकल बॉल, म्हणजे बोटांच्या पेरांचा आधार घेऊन सोडलेला फसवा संथ चेंडू, मुळात बेसबॉलच्या पिचरांचे अस्त्र आहे. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवरील अंतिम सामन्यात त्याची पहिली ५ षटके अशी होती : ३ निर्धाव, ६ धावा, १ बळी. पुढच्या ५ षटकांत मात्र ५४ धावा गेल्या आणि अखेरचे पृथक्करण ६० धावांत २ बळी असे झाले. भारत जिंकला, त्यामुळे लोकांना पहिली पाच षटके आठवतात. भारत हरला असता, तर कदाचित शेवटची पाच आठवली असती.

नाण्याची दुसरी बाजू

याच्या नेमके उलट उदाहरण मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांचे आहे. १९७२-७३ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मद्रासच्या फिरत्या खेळपट्टीवर त्यांनी तमिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले. मुंबईचे ते सलग पंधरावे विजेतेपद होते. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ५८९ बळी मिळवूनही शिवलकरांना भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी यांनी संघातली ती जागा व्यापली होती. क्रिकेट नियामक मंडळाचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार त्यांना २०१७ मध्ये मिळाला. मार्च २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. मोक्याच्या दिवशी चमकणे हाच मोठेपणाचा एकमेव निकष असता, तर शिवलकरांचे स्थान फार वरचे ठरले असते.

पराभवही चाहते सरसकट कडू मानत नाहीत. डिसेंबर १९४३ मध्ये पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी ‘रेस्ट’ संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याने केल्या, तरी संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. १९९१ च्या रणजी अंतिम सामन्यात दिलीप वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद राहिले आणि मुंबई हरियाणाकडून २ धावांनी पराभूत झाली. या दोन्ही पराभवांची आठवण आदराने काढली जाते. म्हणजे चाहत्यांना सलते ती संघाची हार नसते. ज्याच्यावर सर्वाधिक विसंबून राहिले, तोच त्या दिवशी हाती लागला नाही, हे त्यांना सलते.

हिशेब कसा मांडावा?

पुरस्कार आणि अंतिम सामना या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पुरस्कार सांगतो, की दीर्घ काळात, नाना परिस्थितींत हा खेळाडू किती भरवशाचा होता. अंतिम सामना सांगतो, की त्या दिवशी काय घडले. कर्शॉने बाद फेरीत टाकलेल्या इनिंग त्याच्या नियमित हंगामांतील इनिंगच्या साधारण चौदाव्या हिश्श्याएवढ्याच भरतात. झहीरच्या २००३ च्या अंतिम सामन्यातील कामगिरीचे माप तर ७ षटकांचे आहे. एवढ्या थोड्या चेंडूंवरून स्वभावाचा दोष काढणे धाडसाचे ठरते.

तरीही चाहत्याची तक्रार निराधार म्हणता येत नाही. स्पर्धा भरवली जाते ती अखेरीस कोणीतरी जिंकावे म्हणून, आणि बाद फेरीत प्रतिस्पर्धी बलाढ्य असतो हे खेळाडूलाही ठाऊक असते. शिवाय कर्शॉचे अपयश एका दिवसाचे नव्हते, ते अनेक ऑक्टोबरांत पुन्हा पुन्हा दिसले. म्हणून निवाडा करताना तीन गोष्टी पाहाव्यात : खेळाडूला पुरेशी विश्रांती मिळाली होती का, त्याला थांबवण्याचा किंवा बदलण्याचा निर्णय कोणाच्या हाती होता आणि अपयशानंतर त्याने आपल्या खेळात काय बदलले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दोषाची वाटणी करतात. तिसऱ्याचे उत्तर खेळाडूची खरी ओळख पटवते. झहीर खानच्या विश्वचषकांतील ४४ बळींमध्ये वाँडरर्सवरच्या त्या अंतिम सामन्यातला एकही नाही. तरी त्या दिवसानंतरच्या आठ वर्षांत त्याने आपल्या गोलंदाजीवर घेतलेले कष्ट वगळून वानखेडेवरच्या पहिल्या पाच षटकांचा अर्थ लावता येत नाही.