बारक्या बटाट्याची थोरवी



आमच्या नांदूरघाटच्या बाजारांत बटाट्याचे दोन ढीग लागतात; एक मोठ्या, गुळगुळीत बटाट्यांचा आणि दुसरा सुपारीएवढ्या बारक्यांचा. दुसऱ्या ढिगाकडे सुखवस्तु गृहिणी सहसा वळत नाहींत. सन १९७२ च्या दुष्काळांत माझ्या आईनें मात्र त्याच ढिगावर कित्येक दिवस चूल चालविली. आई ते सालीसकटच शिजवी. आम्हां मुलांना ती साल म्हणजे दारिद्र्याची खूण वाटे.

बटाट्याचें मूळ स्थान दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वत. त्याचे रानटी पूर्वज आकारानें लहानच. तेथील शेतकरी आजही बारके बटाटे रात्रीच्या थंडींत गोठवितात, पायांनीं तुडवून त्यांतील पाणी काढतात व उन्हांत वाळवितात. हा 'चुन्यो' वर्षानुवर्षें टिकतो. आपण ज्यास टाकाऊ समजतों, त्यानेंच तेथें पिढ्यान् पिढ्या दुष्काळाशीं सामना दिला.

सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं हा कंद युरोपांत नेला. पुढें पोर्तुगीजांबरोबर तो आपल्या पश्चिम किनाऱ्यास लागला. 'बटाटा' हें नांवही पोर्तुगीजच, आणि मुळांत तें रताळ्याचें! गंमत अशी कीं, घरची ज्वारी उपवासास वर्ज्य ठरली व हा परदेशी पाहुणा मात्र फराळाच्या ताटांत मानानें बसला.

शंभर ग्रॅम कच्च्या बटाट्यांत सुमारें ७७ कॅलरी, दोन ग्रॅम प्रथिनें व वीस मिलिग्रॅमच्या आसपास 'क' जीवनसत्त्व असतें. हें जीवनसत्त्व पाण्यांत विरघळतें. सोलून, चिरून उकडलेल्या बटाट्यांतून तें बरेंचसें पाण्याबरोबर निघून जातें. बारका बटाटा अख्खा उकडतां येतो, त्यामुळें तें अधिक राखलें जातें. पातळ सालींतला चोथाही पोटांत जातो.

असे बटाटे स्वच्छ धुवून उकडावे, टोचे मारून काळ्या मसाल्याच्या रश्श्यांत मुरवावे. काश्मिरी दम आलूची रीतही याच जातीची. उपवासास तूप-जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची व दाण्याचें कूट पुरे. मात्र हिरवट पडलेला वा कोंब फुटलेला बटाटा टाकून द्यावा. त्यांत सोलानिन नांवाचें विष वाढलेलें असतें.

आईस यांतलें शास्त्र ठाऊक नव्हतें. साल काढण्याइतका बटाटा वायां घालविणें तिला परवडत नव्हतें, एवढेंच. पण ज्या सालीची आम्हांस लाज वाटे, तिनेंच आमच्या वांट्याचें सत्त्व राखलें, हें मला फार उशिरां उमगलें.