मल्लखांब: बाळंभटदादांपासून बर्लिनपर्यंत

मल्लखांब नीट पाहिला तर पैलवान उभा असल्यासारखाच दिसतो. खाली जाड अंग, वर निमुळती होत गेलेली मान, टोकाला डोक्यासारखं बोंड. लाकूड सागाचं नाहीतर शिसवाचं. वर चढण्याआधी त्याला एरंडेल तेल चोळतात. तेल कमी पडलं तर मांडीची सालटी निघतात, जास्त झालं तर अढी बसतच नाही. पकड घट्ट बसायला हवी आणि पुढच्या क्षणी सुटायलाही हवी, सगळी मेख तिथेच.

मल्लांनी खांबावर करायच्या व्यायामाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात आहे. पण आजच्या मल्लखांबाची परंपरा नाव घेते ते बाळंभटदादा देवधरांचं.

दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब हे दोन पैलवान आले आणि त्यांनी आव्हान दिलं. ते कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी उचललं. सरावासाठी मुदत मागून त्यांनी सप्तशृंगीचा डोंगर गाठला. तिथे मारुतीच्या कृपेने त्यांना खांबावरचे डाव सुचले आणि परत येऊन त्यांनी गुलाबला चीत केलं, अशी आख्यायिका आहे. दृष्टान्ताचा भाग श्रद्धेवर सोडू. डाव मात्र कुस्तीचेच आहेत, ते खांबावर चढवलेले. १८१८मध्ये पेशवाई बुडाली, बाजीराव ब्रह्मावर्तास गेले आणि ही विद्याही उत्तरेकडे पोचली.

वऱ्हाडात तिला घर मिळालं ते अमरावतीत. अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी १९१४ साली व्यायामशाळा काढली, तेच आजचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. गुरूच्या मर्जीवर चालणारी आखाड्यातली विद्या इथे अभ्यासक्रमात बसली, आणि माझ्या मते वैद्यांचं खरं काम हेच. लोकांच्या लक्षात राहिलं ते मात्र १९३६. त्या वर्षी मंडळाचा चमू ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनला गेला आणि तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं त्याने करून दाखवली. पदकांच्या यादीत अर्थातच त्याची नोंद नाही, ते प्रदर्शन होतं.

स्पर्धेचा दर्जा मिळायला पुढे बराच काळ गेला. भारतीय मल्लखांब महासंघ उभा राहिला १९८१मध्ये. आणि मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून २०१३मध्ये जाहीर केलं ते मध्य प्रदेशाने.